'ही सत्यकथा आहे' अशी पाटी

खऱ्या माणसावरचा चित्रपट पाहून बाहेर पडलं की आपल्यात ठरलेलं बोलणं सुरू होतं. कुणी म्हणतं, "असं काही घडलंच नव्हतं." कुणी म्हणतं, "अहो, सिनेमा आहे, थोडं इकडेतिकडे चालायचंच." ग्वाल्हेरच्या बायकांना हा वाद टाळता येत नाही. राणी लक्ष्मीबाई आपल्याच गावात पडल्या, आणि फूलन देवीनं खटला न चालता अकरा वर्षं तुरुंगात काढली, त्यातली बहुतेक आपल्याच गावच्या तुरुंगात. दोघींवर चित्रपट निघाले. दोन्हींत इकडेतिकडे झालं. पण ते एकाच मापानं मोजायचं का, हा माझा प्रश्न आहे.

आधी राणीसाहेब. २०१९च्या 'मणिकर्णिका'त त्या रणांगणावरच ज्वाळांत जातात. दृश्य मोठं आहे, टाळ्याही पडतात. इथली आठवण वेगळी आहे. जखमी राणीला बाबा गंगादासांच्या मठात आणलं, तिथे प्राण गेला आणि साधूंनी घाईघाईनं चिता रचली. आज फूलबागेजवळ समाधी आहे. मृत्यूची तारीखसुद्धा कुणी १७ जून देतं, आपल्याकडे मेळा १८ला भरतो. इतक्या अंधुक जागी पटकथाकारानं काही कल्पना केली तर मी भांडायला जाणार नाही. मला चुटपुट वेगळीच लागते. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत झाशीत होते. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये काल्पीच्या वाटेवरचा एक प्रसंग आहे. धुळीनं माखलेली, तहानलेली राणी विहिरीपाशी येते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नये, मीच काढते. आणि ओंजळीनं पाणी पिते. मी पाहिलेल्या एकाही चित्रपटात हा प्रसंग नाही. ज्वाळा आहेत, तलवारी आहेत, पाठीवरचं मूल आहे, विहीर नाही. म्हणजे खऱ्याची वाण होती म्हणून खोटं आणलं असंही नाही. खरं हाताशी होतं, पण ते फार साधं होतं.

आपल्या गोपाचलावरच्या मूर्ती आठवा. बाबरानं त्या फोडायला लावल्या, आणि तसं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहूनही ठेवलं. पुढे समाजानं कित्येक मूर्तींना चुन्याचे चेहरे बसवले. जवळ गेलं की दगड कुठे संपतो आणि चुना कुठे सुरू होतो ते दिसतं. ते चेहरे मूळचे आहेत असं कुणी म्हणत नाही, आणि त्यानं दर्शनातही काही उणं पडत नाही. ऐतिहासिक चित्रपटाला मी एवढीच सूट देते. चुना लावा, पण सांधा दिसू द्या.

फूलनची गोष्ट इथे बसत नाही, कारण फूलन जिवंत होती.

शेखर कपूर यांचा 'बँडिट क्वीन' १९९४चा. सुरुवातीलाच ही सत्यकथा असल्याचं सांगितलेलं. आधार माला सेन यांच्या पुस्तकाचा, आणि त्या पुस्तकाचा मोठा आधार फूलनच्या तुरुंगातल्या आठवणी. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं त्या तोंडी सांगितल्या आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या. म्हणजे आपल्या गावच्या भिंतीआड बोललेले शब्द लंडनला गेले आणि तिथून पडद्यावर आले. वाटेत काय गळालं? जमीन गळाली. चुलतभावानं बळकावलेली बापाची जमीन आणि त्यावरून लहान वयातच तिनं मांडलेलं भांडण हे पुस्तकातल्या तिच्या आयुष्याचं मूळ आहे. चित्रपटात ते जवळजवळ उरतच नाही. उरतो तो अत्याचार, पुन्हा पुन्हा. अरुंधती रॉय यांनी त्याच वर्षी यावर कडक लेख लिहिला होता. त्यातला राग मला आजही रास्त वाटतो.

आपल्या शास्त्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार, साकारमंत्रभेद. पाठशाळेत आपण ते घडाघडा म्हणतो. नीट पाहिलं तर त्यांत निव्वळ खोटं बोलणं थोडंच आहे. रहोभ्याख्यान म्हणजे एकांतात घडलेलं चव्हाट्यावर मांडणं. ते खरं असलं तरी दोष लागतोच. न्यासापहार तर फारच बारीक आहे. कुणी ठेव ठेवली, परत मागताना विसरून कमी मागितली, आणि आपण गप्प राहून तेवढीच दिली, तरी दोष. फूलननं आपलं सारं आयुष्य ठेव म्हणून सांगितलं होतं. परत मिळाला त्यातला एक तुकडा, तोही तिनं सर्वांत कमी बोललेला. त्या प्रसंगांसाठी ती 'मजाक' हा शब्द वापरत असे, त्या लोकांनी माझी मजाक केली, इतकंच. ज्या बाईनं शब्दावर पदर घेतला, तिचा पदर कॅमेऱ्यानं ओढला. आणि वर म्हणायचं, आम्ही सत्य दाखवलं!

कायदाही गप्प नव्हता. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा, असं कलम १९८३ साली दंडविधानात आलं. योगायोग असा, की त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला भिंडमध्ये फूलननं शस्त्रं खाली ठेवली. सुटून आल्यावर तिनं चित्रपट दाखवा म्हणून मागणी केली, मग दिल्ली उच्च न्यायालयात गेली. बेहमईत मी गोळ्या घातल्या नाहीत, असं ती सांगत होती. १४ फेब्रुवारी १९८१ला तिथे वीस माणसं मारली गेली, आणि त्याचा खटला तिच्यावर लोंबकळत होता. अशा वेळी पडद्यावर तिला तिथे उभं करून वर सत्यकथेची पाटी लावणं म्हणजे निकालाआधी साक्ष देणं. चित्रपटवाल्यांना याचं भय वाटलं नाही, याचं मला नवल वाटतं.

दुसऱ्या बाजूचंही बोलायला हवं. सीमा बिस्वास यांचं काम विसरता येत नाही. खेड्यातल्या मल्लाहाच्या मुलीवर काय गुजरतं हे शहरातल्या कितीतरी बायकांना या चित्रपटानंच कळलं. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या प्रमाणपत्रावर तो दाखवायला परवानगी दिली, आणि ती दृश्यं वासना चाळवत नाहीत, घृणा आणि कणव निर्माण करतात असं मानलं. मला ते पटतं. पण तो अर्ज कुणाचा होता? आपल्या जातीचा अपमान झाला म्हणणाऱ्या एका पुरुषाचा. जातीच्या अब्रूचा विचार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत झाला. फूलनच्या अब्रूचा प्रश्न त्याआधीच तडजोडीत मिटला होता.

त्या तडजोडीवरून तिला नावं ठेवणाऱ्या आपल्यातही आहेत. "पैसे घेतले आणि गप्प बसली, मग कसली अब्रू?" हे मी बायकांच्याच तोंडून ऐकलंय. अगं, चित्रपट तयार झाला होता, परदेशात दाखवून झाला होता. झाकायला उरलं काय होतं? ते पैसे संमतीचे नव्हते, संमती न विचारल्याचे होते. ज्या बाईला बापाची जमीन परत मिळाली नाही, तिनं निदान आपल्या गोष्टीचं भाडं वसूल केलं तर आपल्या पोटात का दुखावं?

पुढे ती मिर्झापूरहून खासदार झाली. २५ जुलै २००१ला दिल्लीत, घराच्या दारात, तिला गोळ्या घातल्या. मारणाऱ्यानं बेहमईचा सूड घेतला असं सांगितलं. बेहमईच्या खटल्यात तिच्याबाबत निकाल तेव्हाही लागलेला नव्हता.