पहाटेचे ध्रुवपद

गेले आठ दिवस डोळे उघडण्याआधीच डोक्यात ‘गीतरामायणा’तले पहिले गीत सुरू असते. गीत कसले, नुसते ध्रुवपद! संपते आणि पुन्हा पहिल्यापासून.

१९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीने ही ५६ गीते ऐकवली. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांची चाल. हे गीत भूपातले. फिरकी आहे ती कडव्याच्या घडणीत. तीन ओळी आपापसांत यमक जुळवतात आणि चौथी ध्रुवपदाशी. म्हणजे प्रत्येक कडवे तुम्हांला धरून पुन्हा दारात आणून सोडते. मग ते डोक्यात फिरेल नाही तर काय? म्हणून डोक्यात बसलेले गाणे थोर असते, हे मला मान्य नाही. साबणाच्या जाहिरातीही बसतात! आणि कडव्यामागून कडव्याला तोच साचा, हा तर माझा जुना आक्षेप.

परवा दाढी करताना तेच गुणगुणत होतो. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, “अहो, पुढचं म्हणा की!” मला येईना. पोळ्या लाटता लाटता तिनेच सगळी कडवी म्हटली. जिथे अडखळली, तिथे यमकानेच पुढची ओळ हाती दिली. आक्षेप मी निमूटपणे मागे घेतला. आज पहाटे एक कडवे जास्त आले.