बोलण्याआधी श्वास

मराठी प्रेक्षकाच्या मनात बाहुली म्हटली की बोलणारी बाहुली उभी राहते. वाय. के. पाध्ये यांचा अर्धवटराव, रामदास पाध्ये यांनी घरोघर पोचवलेली शब्दभ्रमकला, १९९३च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचू, या सर्वांची ओळख आवाजातून पटते. ही परंपरा सकस आहे, पण तिच्यामुळे आपल्या नजरेला एक सवय जडली आहे. बाहुली हजरजबाबी असेल तर प्रयोग चांगला, असे आपण धरून चालतो. गेल्या काही दशकांत जगातले महत्त्वाचे बाहुलीनाट्य मात्र हालचालीच्या अंगाने वाढले आहे. तिथली बाहुली आधी श्वास घेते, बोलते की नाही हे पुढचे. बाहुलीनाट्य ही दृश्यकला आहे हे मान्य करून तिची समीक्षा झाली नाही, तर आपल्याच अंगणातले मोलाचे काम आपल्याला दिसणार नाही.

श्वास म्हणजे काय, हे दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने घडवलेल्या जोई या घोड्यात नीट पाहता येते. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये २००७ साली आलेल्या ‘वॉर हॉर्स’चा तो नायक. वेताचा सांगाडा, त्यावर आरपार दिसणारे कापड आणि तीन चालक. एक बाहेर राहून डोके आणि कान सांभाळतो, दोघे सांगाड्याच्या आत. आतल्या दोघांतला पुढचा चालक गुडघे किंचित वाकवून पुन्हा सरळ होतो आणि घोड्याची छाती भरून येते. आवाजाच्या दिशेला एक कान वळतो आणि घोडा ‘ऐकतो’. एवढ्यावर प्रेक्षक त्याच्या जिवाची काळजी करू लागतो. संवादाची गरजच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: चालक दिसला की भ्रम तुटतो. जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्याने याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. तिथे एका बाहुलीला तिघे चालवतात आणि डोके व उजवा हात सांभाळणारा मुख्य चालक अनेकदा उघड्या चेहऱ्याने समोर असतो. थोड्या वेळाने तो दिसत असूनही नजरेआड होतो, कारण त्याचे स्वतःचे डोळे बाहुलीवर खिळलेले असतात. आपल्यालाही हे नवे नाही. दशावतारातले लाकडी बाकडे सिंहासन होते, ते बाकडे लपवून ठेवले म्हणून नव्हे. प्रेक्षकाने ते सिंहासन मानायचे ठरवलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गंभीर आशय जिवंत नटाच्या चेहऱ्यावर जास्त खोल उमटतो, मग बाहुली कशाला? याला १९९७च्या ‘उबू अँड द ट्रुथ कमिशन’चे उदाहरण पुरेसे आहे. विल्यम केंट्रिज यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीचे अत्याचार सोसलेल्यांच्या साक्षी लाकडात कोरलेल्या बाहुल्या देतात. खऱ्या माणसाचे दुःख नटाने अंगावर चढवले, तर अभिनयाची वाहवा होण्याचा धोका असतो. बाहुली तसा दावाच करत नाही. ती साक्षीदाराची जागा सांभाळते, त्याचे दुःख बळकावत नाही. हे नैतिक अंतर नटाला सहज साधत नाही, म्हणून इथे बाहुली अपरिहार्य ठरते.

आता आपल्याकडे पाहावे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रे दाखवून गोष्ट सांगणारी चित्रकथी या तिन्ही कला टिकवल्या. तिथलेच कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण या कलांवर लिहिताना आपण ‘परंपरा जपली’ या वाक्याशी थांबतो. पडद्याला चिकटलेली चामड्याची आकृती रेखीव दिसते आणि दिव्याकडे सरकताच मोठी व धूसर होते. आकाराची ही भाषा कशी वापरली, कुठे फसली, हे कोणी लिहीत नाही. मीना नाईक यांच्या बाहुलीनाट्यालाही ‘बालरंगभूमी’च्या कप्प्यात टाकून आपण मोकळे होतो. दिल्लीत दादी पदमजी आणि अनुरूपा रॉय यांनी मोठ्यांसाठी बाहुलीनाट्य उभे केले, त्याची दखलही मराठीत क्वचितच घेतली जाते.

या कलेला पैसा आणि जागा हव्यातच. पण सन्मानाने कला टिकते, समीक्षेने ती वाढते. नाट्यसमीक्षकांनी बाहुलीच्या प्रयोगाला जावे आणि तिचे बोलणे ऐकण्याआधी तिचा श्वास पाहावा. तो नीट उमटला नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. या कलेला कौतुकापेक्षा त्या लेखनाची आज जास्त गरज आहे.