वाक्यानंतरची मोकळी जागा

इंग्रजी टंकलेखनाच्या वर्गांत पूर्णविरामानंतर दोनदा जागा सोडण्याची शिस्त होती. ती टंकयंत्रानेच जन्मास घातली असा समज रूढ आहे. पण तो अर्धाच खरा. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी छापखान्यांत खिळे जुळविणारे कामगार वाक्य संपताच शब्दांमधील अंतरापेक्षा रुंद असा कोरा क्वाड बसवीत असत. टंकयंत्राने या रिवाजाचीच नक्कल केली. तेथे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळत असल्याने ती नक्कल उपयोगीही पडली. पुढे विसाव्या शतकात छापखान्यांनी तो क्वाड सोडला. टंकलेखक मात्र दोन जागांना चिकटून राहिले. अखेर २०२० साली मायक्रोसॉफ्टच्या वर्डने दोन जागांना चूक ठरविले.

मराठीत प्रश्न याहून जुना आणि अधिक गहन आहे. आपल्या पोथ्यांत शब्द सलग लिहिले जात. मोडी लेखनातही तीच रीत. पूर्णविरामाचा ठिपका आपण इंग्रजीकडून घेतला. मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची. त्याआधीच्या गद्यात वाक्य कोठे संपते, हे वाचणाऱ्यानेच ओळखावयाचे असे.

'लीळाचरित्रा'चे उदाहरण आम्हां बुलढाणेकरांना विशेष जवळचे. त्यातील काही लीळा लोणार व मेहकर येथे घडतात, आणि १९७८ साली हा ग्रंथ संपादून देणारे डॉ. वि. भि. कोलते मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. असे सलग गद्य छापावयाचे म्हणजे त्याची वाक्ये पाडणे आलेच. 'थांबू नका जाऊ' एवढे तीन शब्द घ्या. 'थांबू नका. जाऊ.' असे तोडले तर निघण्याची घाई, 'थांबू. नका जाऊ.' असे तोडले तर राहण्याचा आग्रह. जुन्या गद्यातील संवाद असेच तुटक व अल्पाक्षरी असतात. तेथे ठिपका आणि त्यापुढील कोरी जागा हा संपादकाने लावलेला अर्थ असतो, आणि वाचक मात्र तो म्हाइंभटांचाच समजून पुढे जातो. पाठभेदांची चर्चा आपले अभ्यासक हिरिरीने करतात. वाक्यभेदांची तितकीशी करीत नाहीत. माझ्या मते ही उणीव मोठी आहे.

आजच्या छपाईपुरते बोलावयाचे तर पूर्णविरामानंतर एकच जागा पुरे. दोन जागांनी पानावर पांढरी भोके पडतात, एवढेच. खरा दोष वेगळा आहे. संगणकावर मजकूर बसविताना अनेकजण पूर्णविरामाच्या आधीही जागा सोडतात. मग ओळ भरली की शब्द वर राहतो आणि ठिपका खालच्या ओळीच्या आरंभी एकटाच जाऊन बसतो. ख्रिस्तमंदिरात मोठ्याने वाचावयाच्या पुस्तिकांतही हे आढळते. वाचक ओळीच्या शेवटी आवाज वर ठेवतो, पुढच्या ओळीवर ठिपका दिसताच अडखळतो, आणि संपलेले वाक्य ऐकणाऱ्यांना अपुरेच ऐकू येते.