मेरी एलन मार्क : परतून पाहणारी दृष्टि

मुंबईच्या फॉकलंड रोडवरून जाण्याचा प्रसंग आलाच, तर मान खालीं घालून झपझप चालावें, ही आम्हां पांढरपेशांची रीत. त्या रस्त्यास पुढें पठ्ठे बापूरावांचें नांव मिळालें. रीत मात्र बदलली नाहीं. जेथें आम्हीं डोळे मिटले तेथेंच मेरी एलन मार्क ह्या अमेरिकन छायाचित्रकार बाई १९७८ च्या ऑक्टोबरपासून तीन महिने कॅमेरा घेऊन वावरल्या. १९६८ सालच्या पहिल्या भारतभेटीपासून त्या ह्या रस्त्यावर येत होत्या. लोक अंगावर पाणी नि कचरा फेकीत, आणि त्या परत जात. दहा वर्षांच्या चिकाटीनंतर कांहीं घरांचीं दारें उघडलीं, व १९८१ सालीं 'फॉकलंड रोड' हें त्यांचें रंगीत छायाचित्रांचें पुस्तक निघालें.

हें पुस्तक प्रथम चाळतांना आम्ही अस्वस्थ झालों. निळ्याहिरव्या भिंती, रंगीत पडदे, आरशापुढची वेणीफणी. दैन्याला इतके सुंदर रंग चढवावे काय? शिवाय त्यांतील कित्येक मुली नुकत्याच वयांत आलेल्या, कांहीं तर त्याहूनही लहान. कॅमेऱ्यापुढें त्या राजीखुषीनें बसल्या असतील. पण जिला दुसरी वाटच नाहीं तिच्या राजीखुषीस अर्थ तो किती? मार्कबाईंच्या आपुलकीविषयीं आम्हांस संशय नाहीं. चित्रांत कींव नाहीं आणि चोरून पाहणेंही नाहीं. त्या बायकांचें हसणें आहे, घरवालीचा दरारा आहे, तिचा लळाही आहे. तरी पुस्तक मिटल्यावर, ह्या मुलींचें पुढें काय झालें, हा प्रश्न मनांत तसाच राहतो.

असल्या प्रश्नास मार्कबाईंनीं उत्तर शोधलें तें मुंबईस नव्हे, अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं. १९८३ सालीं 'लाइफ' मासिकासाठीं, घर सोडून रस्त्यावर राहणाऱ्या मुलांचीं चित्रें घेण्यास त्या तेथें गेल्या. राहण्यास उत्तम म्हणून नांवाजलेलें शहर मुद्दामच निवडलेलें होतें. तेथें त्यांना तेरा वर्षांची 'टायनी' भेटली. हॅलोवीनच्या सोंगासाठीं तिनें काळा झगा, हातमोजे आणि जाळीची टोपी घातली आहे. हात छातीशीं घट्ट धरले आहेत. सोंग प्रौढ स्त्रीचें. पण पोटासाठीं ती रस्त्यावर जें करी तें सोंग नव्हतें, हें कळल्यावर त्या चित्राकडे फार वेळ पाहवत नाहीं. मार्कबाई व त्यांचे पती मार्टिन बेल (ह्या मुलांवरील 'स्ट्रीटवाइज' हा १९८४ चा बोलपट त्यांचाच) ह्यांनीं तिला न्यूयॉर्कला आपल्या घरीं नेण्याची तयारी दाखविली. अट एकच, शाळेंत जावयाचें. ती नाहीं म्हणाली.

येथें दुसरा कोणी थांबला असता. मार्कबाई पुढें तीस वर्षें तिच्याकडे जात राहिल्या. टायनीचीं व्यसनें, तिचे मोडलेले आणि पुन्हा मांडलेले संसार, एकामागून एक झालेलीं दहा मुलें, सारें कृष्णधवल चित्रांत उतरत गेलें. २०१५ च्या मे महिन्यांत बाई वारल्या, आणि 'टायनी' हें पुस्तक त्याच वर्षीं मागाहून निघालें. वयांत येणें ही जणूं एका दिवसाची गोष्ट, असें छायाचित्रास सहज भासवितां येतें; येथें त्या दिवसाची वसुली तीस वर्षें चाललेली दिसते.

म्हणूनच त्यांचें २०१२ चें 'प्रॉम' आम्हांस उणें वाटलें. शाळेच्या अखेरच्या नृत्यसमारंभासाठीं नटलेलीं जोडपीं एका अजस्र पोलरॉइड कॅमेऱ्यानें टिपलीं आहेत. हीं मुलेंही मोठ्यांच्या वेषांतच उभीं. कारागिरीस नांव ठेवावयास जागा नाहीं. परंतु पाहिलें एकदांच. (भारतीय सर्कशींवरील १९९३ चें पुस्तक मात्र घरांतील मुलांसही जरूर दाखवावें.)

मार्टिन बेल ह्यांच्या २०१६ सालच्या बोलपटांत मार्कबाई व टायनी मिळून जुनीं चित्रें पाहतात. तेरा वर्षांच्या त्या मुलीविषयीं चाळिशी गांठलेली टायनी स्वतः बोलते, आणि आमच्या आक्षेपांपैकीं निम्मे तरी तेथें गप्प होतात. उरलेले निम्मे फॉकलंड रोडच्या मुलींच्या वतीनें आहेत. ते आम्ही मागें घेत नाहीं.