‘पर्सन’ आणि मुखवटा

‘पर्सन’ या इंग्रजी शब्दाची एक व्युत्पत्ती तुम्ही व्याख्यानांतून ऐकली असेल. लॅटिनमध्ये ‘पेर’ म्हणजे मधून, ‘सोनारे’ म्हणजे निनादणे. नटाचा आवाज मुखवट्यातून निनादतो, म्हणून मुखवटा ‘पेर्सोना’, त्यावरून पर्सन. मग वक्ता उडी मारतो: बघा, शब्दच सांगतोय की व्यक्ती म्हणजे नुसता मुखवटा, खरा ‘मी’ त्याच्यामागे! टाळ्या पडतात. माझी हरकत या उडीला आहे. पण आधी व्युत्पत्तीच तपासू.

ती जुनी आहे, हे खरं. गावियुस बास्सुसने दिलेली ही व्युत्पत्ती दुसऱ्या शतकात ऑलुस गेलियुसने कौतुकानं नोंदवली. अडचण आहे स्वराची. ‘सोनारे’तला ओ ऱ्हस्व, ‘पेर्सोना’तला दीर्घ. आपल्या लिपीत ओकाराचे असे दोन प्रकार नाहीत, म्हणून आपल्याला काही खटकत नाही. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ मी एकाच धातूतून काढले, तर चालवून घ्याल का? गंमत म्हणजे बास्सुसलाही हे दिसलं होतं. शब्दाच्या घडणीमुळे ओ लांबला, एवढं म्हणून तो मोकळा झाला! ही पळवाट झाली.

इटलीत तार्क्विनिया इथं इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातलं एक एट्रुस्कन थडगं आहे. त्याच्या भिंतीवर मुखवटा घातलेला माणूस रंगवलाय आणि शेजारी लिहिलंय ‘फेर्सु’. बरेच अभ्यासक ‘पेर्सोना’चा उगम इथं पाहतात. निर्णायक पुरावा नाही, पण मला हेच अधिक पटतं. म्हणजे मग मूळ लॅटिन धातू शोधण्यात अर्थच नाही. शब्द उसना आहे.

बरं, समजा बास्सुस बरोबर. तरी सिद्ध काय झालं? मुखवट्याला ते नाव का पडलं, एवढंच. व्यक्ती म्हणजे काय हे त्यातून कळत नाही. त्यासाठी विचारवंतांनी तो शब्द कसा राबवला ते बघायला हवं. सिसेरो इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांवरच्या ग्रंथात प्रत्येकाच्या चार ‘पेर्सोना’ सांगतो: सर्वांना समान असलेली विवेकबुद्धी, ज्याचा त्याचा स्वभाव, परिस्थितीनं वाट्याला आलेली भूमिका आणि आपण स्वतः निवडलेली. इथं मागे लपलेला कुणी दुसरा ‘मी’ नाही. निवडलेली भूमिकासुद्धा माझीच, आणि तिचा जाबही मीच द्यायचा.

सहाव्या शतकात बोएथियुस व्यक्तीची व्याख्या करतो: विवेकशील स्वरूपाचं एकेकटं द्रव्य. मुखवट्याची व्युत्पत्ती त्यालाही ठाऊक होती. तो ती देतोही. पण व्याख्या करून झाल्यावर, आणि हा शब्द दुसरीकडून आलेला दिसतो असं सांगताना.