‘बडे धेंड’ : उपहासाचे व्याकरण

सत्ताधारी व धनिक यांच्यासाठी इंग्रजी बोलीत जे सलगीचे शब्द रूढ आहेत, त्यांतील काही परक्या दरबारांतून आलेले आहेत. ‘मोगल’ हा आपल्याकडील मोगलांवरून, ‘नेबॉब’ हा नबाबावरून, तर ‘टायकून’ हा जपानी शोगुनाच्या परराष्ट्रव्यवहारातील बिरुदावरून घेतला गेला. कंपनीच्या नोकरीत गब्बर होऊन मायदेशी परतलेल्यांना अठराव्या शतकातील इंग्रज ‘नेबॉब’ म्हणून हिणवीत. सॅम्युअल फूटने १७७२ साली त्याच नावाचे नाटक रंगभूमीवर आणले. आपल्या नवश्रीमंताला परक्या राजाचे नाव देऊन खाली ओढावयाचे, अशी ही रीत होय.

मराठीनेही उसनवारी केलेली आहे. ‘असामी’ हे मूळ अरबीत ‘नाव’ या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन. ‘स्वारी’ फारसी, घोड्यावरील बैठकीपासून मोहिमेपर्यंत व मोहिमेपासून प्रत्यक्ष माणसापर्यंत तिचा अर्थ सरकत आला, आणि जुन्या घरांतून पतीचा उल्लेखही ‘स्वारी’ असा होई. ‘मातब्बर’ म्हणजे मुळात ज्यावर विश्वास ठेवावा असा. आज त्यात विश्वासापेक्षा वजन अधिक. परंतु व्युत्पत्ती सांगितली की शब्द उलगडला, ही जी समजूत आपल्या शब्दचर्चेत दिसते, ती येथे अपुरी पडते. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठीतील उपहासाचे मर्म शब्दाच्या कुळात नसून लिंगवचनात आहे.

धेंड व प्रस्थ हे शब्द नपुंसकलिंगी; असामी, हस्ती, स्वारी हे स्त्रीलिंगी. ज्यांच्याविषयी ते योजावयाचे ते बहुधा पुरुष, आणि समोरासमोर आदरार्थी बहुवचनाचे धनी. ‘साहेब आले’ असे तोंडावर म्हणणारा माणूस पाठ वळताच ‘धेंड आलं’ असे म्हणतो. एका शब्दाने पुरुषत्वही गेले आणि बहुवचनही गेले. नाशिकच्या बाजारात काय किंवा निफाड-लासलगावच्या चावडीवर काय, ज्याला वरिष्ठाशी ‘अहो-जाहो’ सोडण्याची सोय नाही, त्याला भाषेने ही एक पळवाट ठेवलेली आहे.

यावर असा आक्षेप येईल की ‘विभूती’ही स्त्रीलिंगी व ‘दैवत’ही नपुंसकलिंगी, तेथे उपहास कोठे आहे? आक्षेप रास्त आहे. एकवचनी नामाने माणूस केवळ दूर ठेवला जातो, पाहण्याची वस्तू होतो. मान वर करून पाहावयाचे की नाक मुरडून, हे विशेषण ठरविते. ‘थोर विभूती’ असे आपण म्हणतो. ‘थोर धेंड’ असे कोणीही म्हणत नाही. उलट ‘बडी विभूती’ म्हटले की ऐकणारा हसतो. ‘थोर’ आणि ‘बडा’ ही विशेषणे कोशात शेजारी बसतील. वाक्यात ती एकमेकींचे तोंड पाहात नाहीत.

खरी गंमत नाव घेऊन बोलताना होते. ‘नानासाहेब गावातलं मोठं प्रस्थ होते’ आणि ‘नानासाहेब गावातलं मोठं प्रस्थ होतं’ ही दोन्ही वाक्ये बोलण्यात येतात. पहिल्यात क्रियापद नानासाहेबांचा मान राखते. दुसऱ्यात ते प्रस्थाच्या मागे जाते आणि नानासाहेब उघडे पडतात. जुन्या लेखनात हा भेद डोळ्यांना दिसे : ‘होते’ व ‘होतें’. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि व्याकरणदृष्ट्या येणारे असे अनुस्वार गेले. बोलीचे संवाद लिहिताना शीर्षबिंदूची मुभा राहिली. निवेदनात मात्र दोन्ही वाक्ये एकरूप झाली. ‘बडी असामी होती’ यात लिंग अद्याप दिसते. हानी झाली ती नपुंसकलिंगाची. १९६२ चा निर्णय लेखनसुलभतेसाठी होता व तो उलटवावा असे आमचे म्हणणे नाही. पण १९६२ पूर्वीच्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या काढताना अनुस्वार सरसकट पुसले जातात, तेव्हा ग्रंथकर्त्याने त्या व्यक्तीस मान दिला होता की नाही, याचा पुरावाच पुसला जातो. आदरार्थी वचनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने अशा नव्या आवृत्त्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. संगणकीय शब्दसंग्रह त्यांवरून सिद्ध होत असतील तर धोका अधिकच.

कोशांकडूनही येथे फारशी मदत होत नाही. मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती १८५७) असो की दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२-३८), शब्दापुढे लिंगाची खूण असते. पण त्या लिंगाचा बोलणारा वाक्यात काय उपयोग करून घेतो, हे सांगावयास कोशाच्या चौकटीत जागाच नाही.

अलीकडच्या काळात मात्र उपहासाने पुल्लिंगाचाही आश्रय घेतलेला दिसतो. ‘साहित्यसम्राट’ ही न. चिं. केळकरांना मिळालेली पदवी आदराची होती. आमच्या नाशिकच्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मध्येही ‘सम्राट’ शब्दात करुण असेल, कुचेष्टा नाही. तोच शब्द साखरेला जोडला की सूर पालटतो. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून, म्हणजे १९५० पासून, जे नेतृत्व उभे राहिले, त्यातील एकच गृहस्थ पुतळ्याखाली ‘सहकारमहर्षी’ असतो व विरोधकाच्या भाषणात ‘साखरसम्राट’. १९८३ साली विनाअनुदान महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि ‘शिक्षणसम्राट’ हा त्याचा धाकटा भाऊ जन्मास आला. इंग्रजी वृत्तपत्रे ‘साखरसम्राट’ची वासलात ‘शुगर बॅरन’ अशी लावतात. बॅरन हा सम्राटाहून पुष्कळच खालचा सरदार. हुद्दा उतरविल्याने मराठीतील अतिशयोक्तीची खोच हरवते, कारण येथे चिमटा बसतो तो पदवी अवाढव्य असल्यामुळे, आणि क्रियापद अनेकवचनी राहूनही : ‘साखरसम्राट आले’.