‘सुंदर’ या शब्दाचा बट्टा

आपल्या भाषेने नाण्यांकडून पुष्कळ उसने घेतले आहे. कर्तबगार माणूस ‘नाणावलेला’ असतो, खऱ्या माणसाचे नाणे ‘खणखणीत’ वाजते आणि कुणाच्या गैरवागणुकीने घराण्याच्या नावाला ‘बट्टा’ लागतो. माणसांची पारख आपण अशी नाण्यांच्या शब्दांनी करतो. पण खुद्द नाण्यांची प्रत कोणत्या शब्दांनी सांगावी, याबद्दल देशोदेशींच्या पारख्यांचे अजून एकमत नाही. त्यांच्या या परिभाषेचीच येथे थोडी पारख करावी असे मनात आहे.

बरेच झिजलेले, तरी अक्षरे वाचता येणारे एक चांदीचे नाणे घ्या. लंडनचा व्यापारी त्याला ‘फाइन’ म्हणेल. जर्मनीत ते ‘श्योन’, म्हणजे सुंदर. पॅरिसमध्ये तेच ‘त्रे बो’, म्हणजे फार सुंदर! त्याच्याहून एका पायरीने सरस नाण्याला जर्मन मनुष्य ‘फार सुंदर’ म्हणतो, तर फ्रेंचाला ‘फार’ हा शब्द दोनदा उच्चारावा लागतो. अमेरिकेत ज्याला ‘गुड’ म्हणतात त्या नाण्यावर बहुधा चित्राची बाह्यरेषा आणि साल एवढेच उरलेले असते. स्थळाची चौकशी करताना ‘मुलगा बरा आहे’ या उत्तराचा अर्थ सांगणाऱ्याच्या स्वभावावरून लावावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. शब्द एकच असला तरी निभाव लागत नाही. इंग्रजांची जुनी परंपरा कडक. त्यांच्याकडचे ‘एक्स्ट्रीमली फाइन’ नाणे अटलांटिक ओलांडताच बहुधा एखादी पायरी वर चढते.

शब्द फसवे, म्हणून आकडे आले. १९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. ७०च का? तर त्याच्या हिशेबाने १७९४ सालचा निर्दोष सेंट अगदी गुळगुळीत झालेल्या सेंटाच्या ७० पट किमतीचा होता. म्हणजे मूळ आकडा सौंदर्याचा नव्हता, झिजेचाही नव्हता. तो एका तऱ्हेच्या नाण्यांचा, एका काळचा बाजारभाव होता. भाव पुढे पार बदलले, आकडा मात्र राहिला. १९८६ आणि १९८७ साली अमेरिकेत निघालेल्या दोन मोठ्या कंपन्या नाणे पारखून, आकड्यासह प्लास्टिकच्या डबीत बंद करून देऊ लागल्या आणि त्या डबीबरोबर ही पट्टी जगभर गेली. आज न वापरलेल्या नाण्यांसाठीच ६० ते ७० अशा अकरा पायऱ्या आहेत. हाच शेल्डन माणसांच्या शरीरांचीही १ ते ७ अशा आकड्यांत प्रतवारी करीत असे. आणि १९७७ साली तो वारल्यानंतर उघडकीस आले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्याने तेथे हलके ठेवले होते. मापे देणाऱ्याचेही माप घ्यावे लागते, ते असे.

आकड्यांवर माझा राग नाही. दूरदेशीच्या दोन अनोळखी माणसांना व्यवहार करायचा तर काही तरी समान बोली हवीच. माझा आक्षेप इतकाच, की एका देशाच्या यंत्रावर पडलेल्या नाण्यांसाठी घडलेली बोली हातोड्याने पाडलेल्या नाण्यांवर लादली जाते. आपली शिवराई पाहा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे टांकसाळीतून बाहेर पडतानाच काही अक्षरे काठाबाहेर राहत. न झिजलेल्या शिवराईवरही अर्धेच नाव सापडावे, आणि झिजलेल्या एखादीवर पुरते! आपला संग्राहक म्हणूनच आधी विचारतो, ‘अक्षरे किती आली आहेत?’ झीज मोजणाऱ्या पट्टीला हा प्रश्न पुरता कळतच नाही. अठराव्या शतकात बंगालच्या सराफांची रीत तर तिसरीच होती. चालू सनाचा रुपया पुऱ्या किमतीचा, आणि सन जुना झाला की नाणे झिजो वा न झिजो, बट्टा ठरलेला. तो टाळण्यासाठी कंपनी सरकारने पुढे शाह आलमच्या कारकिर्दीचे १९वे वर्षच वर्षानुवर्षे रुपयांवर कायम ठेवले.

आता लक्ष्मीपूजनासाठी घरोघरी चांदीचे रुपये बाहेर निघतील आणि रांगोळीने घासून लखलखीत होतील. अमेरिकन पारख्याच्या लेखी असे घासणे हा दोष. त्या नाण्याला साधारणपणे आकडाच मिळत नाही. आपल्या आजीच्या लेखी न घासलेले नाणे पाटावर ठेवणे हा दोष. दोघेही आपापल्या जागी खरे. पूजेचे रुपये खुशाल घासावेत. मात्र डब्यातले एखादे जुने, अनोळखी नाणे तसेच काळे राहू द्यावे, कारण घासून गेलेला थर पुन्हा येत नाही. आणि गरजेपोटी ते विकायची वेळ आलीच, तर समोरच्याने उच्चारलेल्या ‘गुड’ने हुरळू नये की ‘फाइन’ने दिपू नये. हा शब्द कोणत्या देशाचा, कोणत्या नाण्यांसाठी घडलेला, एवढे विचारावे. नाण्याची झीज डोळ्यांना दिसते. शब्दाला लागलेला बट्टा विचारल्याखेरीज कळत नाही.